गाडी डावीकडे ओढतेय

अक्कलकोट रोडला, चादरीच्या बंद कारखान्यासमोर
माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान.
गिऱ्हाईक दार उघडतं आणि पाय टेकायच्या आधी मत टेकवतं.
"स्टेअरिंग सोडलं की डावीकडे ओढलालीय बे."
बघू, मी म्हणतो.
"गाडीत काय नाही, रस्ताच तसला, अन् रस्ता ज्यानं केला तो…"
नगरसेवकापासून दिल्लीपर्यंत एका दमात जाऊन येतो.
तोवर माझा एक नटसुद्धा सैल झालेला नसतो.

मी मतं टायरवरून वाचतो.
साठच्या वर कधी जात नाही म्हणणाऱ्याची
बाहेरची कड वळणावळणाला खरवडलेली.
डिझेलशिवाय गाडी नाही म्हणणाऱ्यानं
परवाच बॅटरीवाली बुक केलीय, बायकोच्या नावानं.
आणि कप्तानाला हाकला म्हणून जो बोनेटवर मूठ आपटतो
त्याला पार्क मैदानावर पाहिलाय मी, टेनिस बॉलवर,
तीन चेंडूंत दोनदा बोल्ड.
पहिला नो-बॉल होता म्हणून दुसऱ्यांदा.

माझं म्हणाल तर,
माझ्या गाडीला अलाइनमेंट करून वर्ष झालं.

इरण्णा हत्तुरे माझा शेजारी. भिंत एकच.
त्याच्या बाजूला कानडी, आमच्या बाजूला तेलुगू,
भांडायला मात्र दोघांनाही मराठी लागते.
गल्लीच्या ग्रुपवर त्यानं एक व्हिडिओ टाकला.
मी लिहिलं, खोटाय.
त्यानं लिहिलं, पुरावा दे चिलका.
मी खाली वळलेला अंगठा दिला.
मग निवडणूक आली, मग कप्तान आला, मग माझा थोरला भाऊ,
ज्याचा यातल्या कशाशीच संबंध नव्हता.

रात्रीचे साडेअकरा. मे महिना.
गच्चीची फरशी अजून भाजणारी.
तो त्याच्या गच्चीवर, मी माझ्या,
मध्ये कठडा, कमरेएवढा.
मोबाईलच्या उजेडात त्याचं तोंड मला दिसत होतं,
माझं त्याला दिसत असणार.
त्यानं टाइप करताना जीभ बाहेर काढलेली,
शाळेत शुद्धलेखनाला काढायचा तशी.
बोललो असतो तर कुजबुजूनही पुरलं असतं.

मग स्क्रीनवर राखाडी अक्षरांत:
इरण्णा लेफ्ट.
मी मान वळवून बघितलं.
तो तिथंच होता, उशी उलटी करत.

सतरा दिवस.
त्याची व्हॅन गल्लीतून जाते, डावीकडे ओढत,
मला वीस फुटांवरून कळतं, टो गेलाय.
गिअरबॉक्सचं माहीत नाही, पण टो गेलाय.
तो बाळी वेशीतल्या कुणाकडून करून घेतो म्हणे आता.
चुकीचं करतोय तो माणूस.
हे मत नाही, मापानं सांगतोय.

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी, तोही अवेळी.
उतारावर इरण्णाचं घर, त्याला दहा मिनिटं आधी.
पूर्वी हाक मारायचा. काय निजलालास बे, पाणी आलं.
आता हाक कशी मारणार?
मी पाचव्या रात्री कूस बदलत पडलो होतो,
बॅरल कोरडं, अभिमान काठोकाठ,
आणि पावणेतीनला भिंतीतून आवाज आला.
टण. टण. टण.
लोखंडी पाइपवर लोखंड.
आई उठून बसली, नीळ्ळू वच्चिनाय, म्हणाली,
आणि घागर शोधायला लागली.

मी मोटार लावली, नळीचं तोंड बॅरलमध्ये खोचलं
आणि अंधारात ऐकत उभा राहिलो.
तो आवाज कशाचा, मला ओळखायला वेळ लागत नाही.
सतरा नंबरचा पान्हा.
गेल्या दिवाळीत नळ फिरवायला नेलेला,
माझ्या दुकानातला,
दांड्यावर माझ्या बापाचं नाव कोरलेला.

मागायला गेलो नाही.